गरवारीचा वाटा

शकुंतला पत्रू बोरकुटे, गावात शकुबाई. जन्म सन १९३०, सिंदेवाहीजवळच्या एका खेड्यात. मृत्यू सन १९५९, मौजे पळसटोला, चामोर्शीहून पायी अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. शिक्षण नाही. अपत्य एक, मुलगी, नाव मंगली. पंचांनी ठेवलेला ठपका असा की, हिने अन्नाला लाथ मारली. ठपका खरा आहे. तिने लाथ मारली आणि भरल्या अंगणात मारली. ती मारली नसती तर पळसटोल्यात आज आणखी एक जीव मान न धरता खाटेवर पडून असता. हे एवढे गावाने अद्याप मान्य केलेले नाही, म्हणून हा मजकूर लिहावा लागत आहे.

मी त्या काळात पळसटोल्याच्या शाळेवर शिक्षक होतो. शकुबाईची पहिली आठवण तिच्या जिभेची आहे. शाळेत मुले यावीत म्हणून मी घरोघर फिरत असे. ती बांधीत, धानाच्या खाचरात, उभी होती, हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या कोवळ्या रोपांची, जुडी. म्हणाली, "गुरुजी, पोट्टे तुमच्या शाळेत बसतेत अन् पाखरं माहं धान खातेत. असं करा, पाखरायले शाळेत घ्या अन् पोट्टे वापस द्या." बांधीतल्या सगळ्या बाया हसल्या. रोवणीत तिच्या पुढे कोणी जात नसे. रोपे ओळीत, ओळ सरळ. नीटनेटकेपणाची मला आवड आहे, म्हणून तिची बांधी मी वाट वाकडी करून पाहत असे.

आता गावची एक चाल सांगितली पाहिजे. पेरणी आटोपल्यावर पोत्याच्या तळाशी जे बियाणे उरते ते पळसटोल्यात विकत नाहीत, उसने देत नाहीत, कणगीत परत ओतत नाहीत. जमिनीच्या कुशीसाठी काढलेले बी जमिनीत गेले नाही, तर ते दुसऱ्या कुशीला मिळाले पाहिजे, अशी समजूत. घरात गरोदर बाई असेल तर ते सगळे तिचे. नसेल तर नदीत सोडायचे. धान सालासकट उकडायचे, वाळवायचे, कांडायचे, आणि ते संपेपर्यंत त्या बाईचा भात आणि पेज त्याचीच. दुसऱ्या कोणी, घरातल्या लहान मुलानेसुद्धा, त्यातले शीत तोंडात घालायचे नाही. याला गरवारीचा वाटा म्हणतात. या चालीत वाईट काहीही नव्हते. पावसाळ्याच्या तोंडावर कणग्यांचे तळ दिसू लागतात, तेव्हा दोन जिवांच्या बाईला हक्काचा घास मिळावा, ही कोण्या जाणत्या आजीची योजना असावी. चालीला दोष देऊन मोकळे होणारे पुष्कळ शिकलेले लोक मला पुढे भेटले. त्यांना माझे उत्तर एकच आहे. विष चालीने आणले नाही.

विष आणले गुणवंतराव ढोमणे यांनी. चामोर्शीच्या बाजारात त्यांची बियाण्याची कोठी होती. सन १९५४च्या मृगाआधी त्यांनी नवे धान विकायला काढले. लोंबी भरघोस, आणि करपा लागणार नाही अशी हमी. करपा लागू नये म्हणून त्या बियाण्याला पाऱ्याची विषारी पूड चोळलेली असे. पुडीचा रंग राखाडी. आमच्याकडे धानाला कीड लागू नये म्हणून राख चोळून ठेवण्याची रीत घरोघर आहे. पूड पाहून प्रत्येकाने ती राखच समजली, आणि राख धुतली की जाते हे कोणाला शिकवावे लागत नाही. पुडीच्या डब्यांवर कवटीचे चित्र छापलेले होते. ते डबे कोठीच्या आत राहिले. पोती बाहेर आली, ती कोरी.

त्या वर्षी पेरणीच्या मध्येच पावसाने ओढ दिली. बोरकुट्यांची वरची बांधी पडीक राहिली आणि बियाणे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त उरले. शकुबाई पहिलटकरीण होती. सासू रुखमाबाई यांनी ते धान स्वतःच्या हाताने धुतले, उकडले आणि सुनेपुढे ठेवले. मायेने ठेवले, हेही नोंदवतो. उकडताना पुडीतले विष सालातून दाण्यात उतरले असणार. शकुबाई तोच भात जेवत राहिली, तीच पेज पीत राहिली. रीतीप्रमाणे एकटीच.

रोवणी सुरू झाली तेव्हा तिची बोटे बधिर होऊ लागली. ओठांना मुंग्या येत. तिची सरळ ओळ वाकडी झाली. एके दिवशी ती भर बांधीत बसकण मारून पडली.

"चिखलात काऊन नाचून राह्यली वो?" रुखमाबाई बांधावरून ओरडल्या.

"पायाखालची बांधी हालून राह्यली, आत्याबाई."

"बांधी नाई हालत. तुहा नखरा हालून राह्यला. आमी का पोटुशा नोयतो कधी?"

वाटा संपला, तशी ती हळूहळू सावरली. हात पूर्वीसारखे चालेनात, पण चालू लागले. दिवाळीच्या सुमारास एका मंगळवारी मंगली जन्मली. दिसायला गोरीगोमटी, नाकीडोळी नीटस. सहा महिने उलटले तरी तिने मान धरली नाही. समोर दिवा फिरवला तरी तिचे डोळे फिरत नसत. हातपाय वाळल्या चामड्यासारखे ताठ. ती रडे तेव्हा आवाज बाहेर येत नसे, फक्त तोंड उघडे.

आज हे ठाऊक झाले आहे की अशा पुडीतला पारा आईच्या रक्तातून नाळेवाटे गर्भात उतरतो, आईच्या रक्तापेक्षा बाळाच्या रक्तात अधिक साठतो, आणि घडत असलेल्या मेंदूची घडणच बिघडवतो. आई सावरते आणि मूल जन्मभर आडवे राहते. त्या वेळी हे आमच्या भागात कोणालाच माहीत नव्हते. त्यासाठी मी कोणालाही दोषी धरत नाही. परंतु डब्यावरच्या कवटीचा अर्थ ओळखायला कोणते शास्त्र लागते?

शकुबाईचा नवरा पत्रू याने मुलीला तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी मुलीकडे पाहण्याआधी पत्रूच्या धोतराकडे पाहिले आणि विचारले, "नात्यात लग्न झालंय का?" नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग बाईच्या रक्तातच दोष असेल." शकुबाई समोर उभी होती. गरोदरपणी तिचे हात बधिर झाले होते, हे तिने सांगू पाहिले. "तुला कोणी विचारलं?" एवढेच त्यांनी ऐकवले. बाईच्या रक्तात दोष असल्याचे हे सुशिक्षित मत पत्रूने घरी आणले, आणि रुखमाबाईंनी ते गावात वाटले. गावाने त्यात आपली भर घातली. हिने ग्रहणात भाजी चिरली असेल, हिने देवीची वेस ओलांडली असेल. पत्रूने दुसरी बायको करावी, असे बोलणे सुरू झाले. त्याने केली नाही. पण नको, असे तोंडाने कधी म्हटलेही नाही.

सन १९५६चा पेरणीचा हंगाम आला. मधल्या वर्षी घरात गरोदर कोणी नव्हते, त्यामुळे उरलेले धान नदीत गेले होते. या वर्षी धाकट्या दिराची, वारलूची, बायको वच्छला हिला पाचवा महिना होता. गुणवंतरावांच्या कोठीचे पोते अंगणात उतरवताना फाटले आणि कोंबड्यांनी सांडलेले दाणे मनसोक्त टिपले. काही दिवसांनी त्या कोंबड्या मान वाकडी करून चालू लागल्या. एक पाऊल पुढे, एक बाजूला, आणि मग बसकण.

लोकांनी ते पाहिले आणि कोंबड्यांचा रोग म्हणून सोडून दिले. शकुबाईला मात्र ती चाल ओळखीची वाटली.

ती माझ्याकडे आली. टोपलीत मेलेली कोंबडी, कडेवर मंगली. "गुरुजी, थे कोंबडी माह्यासारखी चालून राह्यली होती. मी बांधीत पडली होती ना, तशीच. अन् घरी वच्छलेचा वाटा उकडाची तयारी चाल्ली हाये. तुमी माह्यासंगं बाजारात चला. मी एकटी गेली तं थो शेठ मले दारातूनच हाकलंन. तुमची टोपी पाहून बसाले तरी सांगंन."

बसायला त्यांनी मला सांगितले. तिला नाही.

"काय बाई," गुणवंतराव टोपलीत डोकावून म्हणाले, "कोंबडी विकाची हाये काय? मेलेली मी घेत नाई."

"विकाची नाई. तुमच्या धानानं मेली थे."

"महाग बियाणं हाये आमचं. कोंबडीले पचलं नसंन."

दुकानातली माणसे हसली. शकुबाईने मंगलीला पोत्यांच्या थप्पीवर निजवले आणि हात काढून घेतला. मुलीची मान एका बाजूला गळून पडली. हसणे थांबले.

"हे बी त्याच धानानं," ती म्हणाली.

"पोरीनं धान खाल्लं?"

"मी खाल्लं. हे पोटात होती."

गुणवंतराव ताडकन उभे राहिले. "बियाणं खाल्लं? अवो, थे पेराचं असते! जहर चोळलं असते त्याले! तुमाले कोनं सांगतलं खायाले?"

"तुमी कोनाले सांगतलं का, खाऊ नोका म्हनून?"

त्यावर ते माझ्याकडे वळले आणि शुद्ध भाषेत बोलू लागले. मी पोत्यांवर विषाचा शिक्का का नाही, असे विचारले होते. ते म्हणाले, "गुरुजी, आपण शिकलेले आहात, समजून घ्या. शिक्का मारला की हंगाम संपल्यावर उरलेली पोती गिरणीवाला घेत नाही. शेवटी धंदा आहे."

हवापाण्याविषयी बोलावे तितक्या शांतपणे ते हे बोलले. विष चोळलेले धान हंगामानंतर ते भातासाठी विकत होते, हे त्यांनी न विचारता सांगितले. आपण काही भयंकर बोललो असे त्यांना वाटलेच नाही. एका शिकलेल्या माणसाने दुसऱ्याला अडचण समजावून दिली, एवढेच.

शकुबाईने मुलीला उचलले. "चला गुरुजी. इथी बोलून काई होत नाई. घरी चूल पेटली असंन."

घरी तिने सगळे सांगितले. मीही सांगितले. रुखमाबाईंनी दोघांचे ऐकून घेतले आणि सुनेला म्हणाल्या, "माहा सासरा याच वाट्यावर झाला, माहा नवरा झाला, दोनी पोरं झाले. तुही पोरगी तशी निघाली म्हनून आता वच्छलेच्या तोंडचा घास हिसकतं काय? आपलं नाई झालं बरं, तं दुसऱ्याचं बी होऊ नये?"

"आत्याबाई, तवाचं धान घरचं होतं. हे दुकानचं हाये."

"धान धान असते."

शकुबाई पत्रूकडे वळली. पत्रू बैलाच्या शिंगाला तेल लावत होता. तो लावतच राहिला.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर वच्छलेने तिला गाठले आणि स्पष्टच विचारले, "बाई, खरं सांगा. माह्यावर जळून राह्यल्या काय तुमी?"

"जळतो ना," शकुबाई म्हणाली. "तुह्या पोटातलं लेकरू आतून लाता मारते म्हनून सांगतं ना तू, तवा जळतो. माही मंगली पोटात थंड पडली होती. थो भात खाल्ल्यापासून. म्हनून सांगून राह्यली, नोको खाऊ."

वच्छला अवघी अठरा वर्षांची. सासूच्या हातचे ताट ती कसे नाकारणार? तिने मान खाली घालून घागर भरली.

पहिल्या भाताच्या दिवशी वच्छलेची ओटी भरायला गावच्या बाया जमल्या. अंगणात सुपे, चटया, आणि चटयांवर वाळत घातलेले उकडलेले धान. वच्छला पाटावर बसली होती. चुलीवरून भाताचा गंज, म्हणजे पातेले, उतरवून तिच्या शेजारी ठेवला. एक म्हातारी म्हणाली, "वच्छले, पोटभर खाय वो, नाई तं पोट्टा उपाशी म्हनून आतूनच हाका मारंन." दुसरी म्हणाली, "हाका मारंन तं बापाच्या नावानं मारंन, थोच तं बहिरा हाये." वारलू ऐकायला थोडा कमी होता. हशा पिकला. रुखमाबाईंनी ताट वाढले.

शकुबाई मंगलीला माझ्या पत्नीच्या मांडीवर देऊन उठली. कोणाला वाटले, ओटी भरायला उठली. तिने वच्छलेच्या हातातले ताट पाडले, गंजाला लाथ मारली, चटया एकेक करून ओढल्या आणि सगळे धान शेणखताच्या खड्ड्यात लोटून त्यावर पायाने शेण ढकलले. तिचा पाय भाजला होता. ती ओरडली नाही, रडली नाही. गावाने तेच सर्वांत आधी लक्षात ठेवले, की बाई रडलीसुद्धा नाही.

पंच देवीच्या पारावर बसले. गुणवंतराव दमणीतून, बैलांच्या हलक्या गाडीतून, आले. असे आपण कधी बोललोच नाही, असे त्यांनी देवीसमोर सांगितले. मी उठून, कोठीत जे ऐकले होते ते सांगितले. दादाजी पाटील हे पंचांतले मुख्य. ते मला म्हणाले, "गुरुजी, तुमी भले मानूस. पन परगावचे. आज इथी हाये, उद्या तुमची बदली. शेठचं धान आमाले दर साल लागते." हे धान खरोखरच भरघोस येत होते. पाटलांच्या बांध्यांतही तेच होते. चांगले पीक देणाऱ्या माणसाला देवाच्या पारावर खोटे बोलायची मुभा असते, हे मला त्या दिवशी कळले.

"अन्नाले लात मारली का?" पाटलांनी शकुबाईला विचारले.

"मारली. आनखी शिजवा, आनखी मारीन."

ठराव झाला. शकुबाईची ओटी कोणी भरू नये, तिला शुभकार्याला बोलावू नये, आणि बियाण्याला तिचा हात लागू नये. शेवटचे कलम किरकोळ वाटेल. पण ज्या गावात बाईचे निम्मे आयुष्य पेरणी-रोवणीत जाते, तेथे तिचा हात बियाण्याला वर्ज्य करणे म्हणजे तिला जिवंतपणी गावाबाहेर ठेवणे होय. आमच्या भागातली सर्वांत सरळ ओळ रोवणारी बाई त्यानंतर बांधावर बसून दुसऱ्यांच्या वाकड्या ओळी पाहत राहिली.

मी जिल्ह्याच्या कचेरीला अर्ज पाठवला. विष चोळलेले धान शिक्क्याविना विकले जाते, एवढाच विषय. उत्तर यायच्या आत जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला. नव्या कचेरीने कळवले की घटना पूर्वीच्या राज्यातली आहे, तेथे विचारावे. जुन्या कचेरीने कळवले की जिल्हा आता त्यांचा नाही. दोन्ही उत्तरे व्याकरणशुद्ध होती आणि दोन्हींखाली सही स्वच्छ होती. विषाने हद्द पाहिली नव्हती. हद्द पाहिली ती फक्त यांनी.

त्याच वर्षी दिवाळीच्या मागेपुढे वच्छला बाळंत झाली. मुलगी झाली, सुभद्रा. तिने वेळेवर मान धरली, वेळेवर रांगली, आणि चालू लागल्यावर पहिली शिवी वारलूला दिली. गाव म्हणाले, देवीने मोठ्या सुनेचा अपराध पोटात घातला आणि धाकटीला प्रसाद दिला. पुढच्या हंगामात गुणवंतरावांची पोती आली, तेव्हा त्यांवर लाल शिक्का होता. विचारल्यावर ते म्हणाले, नियम आला आहे. कोणामुळे आला, का आला, हे कोणी विचारले नाही.

शकुबाई तीन पावसाळे जगली. मंगलीला ती स्वतः भरवी. घास मऊ कुस्करून गालाच्या आत ठेवायचा आणि गळा चोळून खाली उतरवायचा. घास नरड्यात अडकला तर मुलीला उलटी धरायची, हे तिने वच्छलेला शिकवून ठेवले. सन १९५९च्या हिवाळ्यात तिला ताप भरला आणि ती गेली. डॉक्टरकडे नेऊ का, असे पत्रूने विचारले होते. "त्याच्याकडं? माह्या रक्ताचा दोष पाहाले?" ती म्हणाली. ते तिचे मी ऐकलेले शेवटचे वाक्य.

तेराव्या दिवशी पंच जेवायला बसले असताना वच्छला सुभद्रेला कडेवर घेऊन समोर आली. सासू तिला आवरत होती. "दादाजी भाऊ," ती पाटलांना म्हणाली, "माह्या बाईनं लात मारली थो भात माह्या ताटातला होता. माही तक्रार नाई. मंग तुमची कायची?"

पाटील हात धुऊन म्हणाले, "पोरी, पंचायतीचा शबूद हाये. मेलेल्या मानसासाठी थो फिरवत नसते."

"जित्यासाठी तरी कुठी फिरवला?" वच्छला म्हणाली आणि आत गेली.

या गोष्टीला आता पंधरा वर्षे होतील. कोठी गुणवंतरावांचा मुलगा चालवतो. त्यांच्या नावाने बाजारात पाणपोई आहे. मंगली वीस वर्षांची आहे. तिला वच्छलाबाई भरवतात, आणि त्या बांधीत गेल्या की सुभद्रा भरवते. गरवारीचा वाटा पळसटोल्यात अजून आहे. मात्र दुकानातून आणलेले बियाणे त्यात घालत नाहीत; वाट्याला घरचेच धान लागते. का, म्हणून विचारले तर तरुण सुना सांगतात, "रीत हाये जी." शकुबाईची लाथ गावाने आपल्या चालीत सामील करून घेतली आणि शकुबाईला बाहेर ठेवले.

पंचांचा ठराव आजही रद्द झालेला नाही. बियाण्याला शकुंतला पत्रू बोरकुटे हिचा हात लागू नये, असे तो सांगतो.